रुग्णालयात थांबलेले हृदय आणि त्यानंतरचे जगणे : प्रस्तावना

रुग्णालयात दाखल असताना ज्यांची हृदयक्रिया अकस्मात बंद पडली आणि उपचारांनी ती पुन्हा सुरू झाली, अशा व्यक्तींचे घरी परतल्यानंतरचे आयुष्य हा या पुस्तकाचा विषय आहे. या प्रसंगाच्या पहिल्या काही मिनिटांविषयी वैद्यकीय ग्रंथांत जेवढे बारकाईने लिहिले गेले, त्याच्या मानाने पुढच्या महिन्यांविषयी आणि वर्षांविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे. आणि सर्वसामान्य वाचकापर्यंत पोचणाऱ्या लेखनात हा विषय हृदयविकाराच्या झटक्यानंतर घ्यावयाच्या काळजीत इतका मिसळून गेलेला असतो की त्याचे वेगळेपण ध्यानातच येत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी तुंबते, स्नायूचा काही भाग निकामी होतो, पण हृदय बहुधा धडधडत राहते. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा मात्र हृदयातून शरीराला रक्त पोचणेच थांबते, नाडी लागत नाही, काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि मेंदूचा प्राणवायू तुटतो. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते हे खरे. परंतु रुग्णालयात हृदयक्रिया बंद पडण्यामागे श्वसन अपुरे पडणे, जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळणे, मोठा रक्तस्राव किंवा रक्तातील पोटॅशियमचे प्रमाण बिघडणे अशीही कारणे वारंवार असतात. पहिल्या आजाराच्या खुणा मुख्यतः हृदयावर राहतात, दुसऱ्याच्या खुणा मेंदूपर्यंत पोचतात, आणि या पुस्तकातील बहुतेक विवेचन याच एका फरकावर उभे आहे.

या प्रसंगांची मोजदाद सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झाली आहे. तेथे दरवर्षी सुमारे २ लाख ९० हजार प्रौढ रुग्णांची हृदयक्रिया रुग्णालयात बंद पडते, आणि त्यांपैकी साधारण चौथा हिस्सा जिवंतपणी घरी जातो. हे प्रमाण पूर्वी याहून कमी होते. तेथील राष्ट्रीय नोंदवहीतील रुग्णालयांत २००० साली ते १३.७ टक्के होते, तर २००९ साली २२.३ टक्क्यांवर आले. वाचलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के रुग्णांच्या मेंदूची स्थिती घरी जाताना ‘चांगली’ म्हणून नोंदवली जाते. हा शेवटचा आकडा दिलासा देणारा आहे आणि तो खोटाही नाही. पण ‘चांगली’ म्हणजे नेमकी कशी, हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबणे बरे नव्हे.

हा शेरा ज्या मोजपट्टीवरून दिला जातो, तिचे मूळ डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी ब्रायन जेनेट आणि मायकेल बाँड यांनी १९७५ मध्ये ग्लासगो येथे तयार केलेल्या वर्गवारीत आहे. हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णांसाठी तिचे जे रूप वापरले जाते, त्यात पाच श्रेणी आहेत : पहिल्या श्रेणीतला रुग्ण शुद्धीवर, सावध आणि काम करण्याजोगा असतो, दुसऱ्या श्रेणीतला आपले दैनंदिन व्यवहार स्वतः करू शकतो परंतु काम करायचे तर सांभाळून घेणारे वातावरण त्याला लागते, तिसऱ्यातला परावलंबी, चौथ्यातला बेशुद्ध, आणि पाचवी श्रेणी मृत्यूची. पहिल्या दोन श्रेणी एकत्र करून ‘चांगली’ हा शेरा बनतो. म्हणजे पूर्वीसारखी शाळेत शिकवू शकणारी शिक्षिका आणि आंघोळ-जेवण स्वतः करणारा, पण दुकानाचा गल्ला पुन्हा कधीही एकट्याने सांभाळू न शकणारा दुकानदार, या दोघांची गणना एकाच रकान्यात होते. शिवाय ही श्रेणी बहुधा केसपेपरवरून, रुग्ण अजून वॉर्डातच असताना ठरते. वॉर्डात गोळ्या परिचारिका हातावर ठेवते, जेवणाचे ताट वेळेवर समोर येते, कोणत्या तपासणीला कधी जायचे हे दुसरा कोणीतरी ठरवतो. जे करता येते की नाही हे पाहायचे, ते करण्याची वेळच तेथे रुग्णावर येत नाही.

मापन इतके ठोकळ का राहिले, याचे उत्तर या उपचाराच्या इतिहासात सापडते. १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, केवळ छातीच्या हाडावर तळहाताने दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे २० रुग्णांच्या अनुभवावरून मांडले, आणि त्यांपैकी १४ जण वाचले होते. हे सगळे रुग्ण रुग्णालयातलेच होते, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. त्यानंतरची काही दशके साहजिकच एकाच प्रश्नाला वाहिलेली होती : हृदय पुन्हा सुरू कसे करायचे आणि ते लवकर कसे करायचे. पीटर साफार यांनी मेंदू वाचवणे हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू आहे असे आग्रहाने मांडले खरे, पण वाचलेल्या मेंदूचा धनी पुढे कसा जगतो, याकडे वळायला आणखी बराच काळ जावा लागला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने आपल्या ‘जीवनसाखळी’त, म्हणजे जीव वाचवण्याच्या टप्प्यांच्या क्रमात, पुनर्प्राप्ती हा सहावा दुवा जोडला तो २०२० साली. छातीदाबाच्या शोधानंतर साठ वर्षांनी.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या स्थितीत शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो, आणि त्याचा साठा करून ठेवण्याची सोय त्याच्याकडे नसते. रक्तप्रवाह तुटल्यावर चार-पाच मिनिटांत पेशींना इजा होऊ लागते. आणि प्रवाह पुन्हा सुरू झाल्यावरही परतलेल्या प्राणवायूमुळे सुरू होणाऱ्या रासायनिक प्रक्रिया, सूज आणि ताप यांच्यामुळे ही इजा काही तास, कधी काही दिवस वाढत राहते. ती सगळीकडे सारखी नसते. नव्या आठवणी साठवण्याचे काम करणारा हिप्पोकॅम्पस, हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतील पुर्किन्ये पेशी आणि मोठ्या धमन्यांच्या टोकांना असलेले बाह्यकाचे पट्टे हे भाग प्राणवायूच्या तुटवड्याला सर्वांत आधी बळी पडतात. म्हणूनच लकव्याच्या रुग्णाप्रमाणे हात लुळा पडलेला किंवा तोंड वाकडे झालेले येथे सहसा दिसत नाही. बोलणे स्पष्ट असते, चालणे ठीक असते, जुन्या आठवणी शाबूत असतात; हरवलेले असते ते सकाळी कोण भेटायला आले होते हे सांगता येणे, दोन गोष्टी एकाच वेळी ध्यानात धरणे, एखादे काम कोठून सुरू करायचे आणि कोठे थांबवायचे याचा निर्णय करणे. क्वचित एखाद्या रुग्णाने हात पुढे करताच तो हात हिसके देऊ लागतो. हेतुपुरस्सर हालचालीबरोबर येणाऱ्या या झटक्यांचे वर्णन लान्स आणि अॅडम्स यांनी १९६३ मध्ये केले, आणि फिट आल्याचा समज होऊन घरचे घाबरून जातात ते पुष्कळदा यामुळेच.

रुग्णालयाबाहेर हृदयक्रिया बंद पडून वाचलेल्यांचा जो पद्धतशीर अभ्यास झाला, त्यातील चांगल्या प्रतीच्या पाहण्यांत जवळपास निम्म्या व्यक्तींत स्मरण, एकाग्रता किंवा नियोजनाची काही ना काही उणीव आढळली. रुग्णालयातील रुग्णांचा अभ्यास त्या मानाने बराच कमी झाला आहे आणि त्यांच्याविषयी एकदम निष्कर्ष काढणे अवघडही आहे, कारण त्यांची परिस्थिती दोन उलट दिशांना ओढली जाते. एकीकडे जवळ माणसे असतात, मॉनिटर असतो, छातीदाब मिनिटा-दोन मिनिटांत सुरू होतो, त्यामुळे मेंदूचा उपवास थोडक्यात आटोपतो. दुसरीकडे ही माणसे मुळात आजारी म्हणूनच दाखल झालेली असतात, बहुधा वयस्क असतात, मूत्रपिंड, फुफ्फुस किंवा यकृत आधीच थकलेले असते, आणि विजेच्या झटक्याने सुधारण्याजोगी हृदयलय त्यांच्यापैकी सुमारे पाचांतल्या एकातच सापडते. यातून एक अन्याय घडतो, ज्याकडे लक्ष वेधणे हे या पुस्तकाचे प्रमुख प्रयोजन आहे. रस्त्यात कोसळून वाचलेल्या माणसाच्या बाबतीत काय घडले हे सर्वांना ठाऊक असते. रुग्णालयात वाचलेला माणूस मात्र न्यूमोनियाचा रुग्ण, शस्त्रक्रियेचा रुग्ण किंवा डायलिसिसचा रुग्ण म्हणून घरी जातो, आणि पुढे त्याला जे जड जाते ते वयावर, मूळ आजारावर, ‘अशक्तपणा’वर किंवा स्वभावावर ढकलले जाते.

दैनंदिन कार्यक्षमता मोजण्याच्या दोन जुन्या पद्धती एकमेकींशेजारी ठेवल्या की ही अडचण लख्ख दिसते. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला बार्थेल निर्देशांक जेवणे, आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, खाटेवरून खुर्चीत बसणे, जिना चढणे अशा दहा गोष्टी तपासतो. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी मांडलेली यादी मात्र फोन वापरणे, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचा व्यवहार अशा आठ कामांविषयी विचारते, जी करायला हातपायांइतकेच डोकेही शाबूत लागते. हृदयक्रिया बंद पडून वाचलेली व्यक्ती पहिल्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवून दुसरीत अडखळते, असे वारंवार घडते.

भाकरी करण्याचेच उदाहरण घेता येईल, कारण ग्रामीण महाराष्ट्रातील प्रौढ स्त्रीच्या दृष्टीने त्याहून सवयीचे काम क्वचितच असेल. पिठात गरम पाणी बेताने घालणे, मळतामळताच चुलीवर किंवा गॅसवर तवा चढवणे, थापताना परातीत कोरडे पीठ भुरभुरणे, भाकरी तव्यावर टाकताच वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवणे, ते पाणी सुकण्याच्या आत दुसरा गोळा हाताखाली घेणे आणि तरीही तव्यावरचीकडे लक्ष ठेवून ती वेळेवर उलटणे, मग थेट आचेवर फुगवणे : यातील प्रत्येक कृती हातांना पाठ असते. मेंदूला इजा झालेल्या स्त्रीची थापण्याची लकब जशीच्या तशी असते, भाकरी गोलही होते. पण दुसरी थापायला घेतली की तव्यावरची पहिली तिच्या ध्यानातून पूर्ण निघून जाते, ती करपल्याचा वास आल्यावरच ती दचकते, आणि या गडबडीत मिठाचा डबा कोठे ठेवला हे शोधताना गॅस तसाच चालू राहतो. घरातल्यांना करपलेली भाकरी दिसते, तिच्यामागची विभागलेली एकाग्रता दिसत नाही. ‘लक्ष कुठंय तुझं?’ हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि तिला त्याचे उत्तर खरोखरच ठाऊक नसते. यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. एका वेळी एकच काम घेणे, सर्व भाकऱ्या आधी थापून कपड्यावर पसरून ठेवाव्यात असा क्रमातील बदल करणे (जुन्या हाताला तो रुचत नाही, पण पुढे जमतो), गॅसपाशी घड्याळाचा गजर लावणे, सुरुवातीचे काही आठवडे स्वयंपाकघरात दुसरे माणूस नुसते बसून असणे, हे कोणाही घराला करता येण्याजोगे आहे. अट एकच, की अडचण कशामुळे आहे हे कोणीतरी त्या घराला समजावून सांगितलेले असले पाहिजे.

याच जातीच्या अडचणी पुरुषांच्या वाट्याला बहुधा पैशांच्या आणि प्रवासाच्या रूपाने येतात : मोबाइलवरून पैसे पाठवताना आकडा चुकणे, एकाच बिलाचे पैसे दोनदा देणे, ओळखीच्या स्टँडवर उतरल्यावर पुढे कोठे जायचे होते हे न आठवणे. वाहन चालवण्याचा प्रश्न त्याहून गंभीर आहे, आणि तो हृदय आणि मेंदू या दोन्ही बाजूंनी तपासल्याखेरीज सोडवू नये.

थकवा ही या रुग्णांची सर्वांत सार्वत्रिक तक्रार, आणि सर्वांत कमी मानली जाणारी. श्रमाने येणाऱ्या थकव्याप्रमाणे तो झोपेने उतरत नाही. भेटायला आलेल्या चार पाहुण्यांशी अर्धा तास बोलल्यानंतर उरलेला दिवस अंथरुणात जावा, इतका तो तीव्र असू शकतो. त्यात शरीराच्या तक्रारी मिसळतात. छातीदाबाने पुष्कळदा बरगड्या किंवा छातीचे हाड मोडते, आणि कित्येक आठवडे कूस बदलताना, खोकताना, नातवंडाला उचलताना दुखत राहते. ही वेदना नव्या झटक्याची तर नाही ना, या धास्तीने रुग्ण रात्री उठून बसतो. व्हेंटिलेटरवर राहिलेल्यांचे स्नायू अतिदक्षता विभागातील काही दिवसांतच झपाट्याने झडतात, आवाज घोगरा होतो, गिळताना ठसका लागतो. अतिदक्षतेतून बाहेर पडलेल्यांच्या शरीर, बुद्धी आणि मन या तिन्हींतील अशा उणिवांना २०१२ पासून एका समान नावाखाली ओळखले जाऊ लागले आहे, आणि रुग्णालयात हृदयक्रिया बंद पडलेला रुग्ण हा त्या मोठ्या समुदायाचाही घटक असतो.

मनाच्या अवस्थेविषयी एक निरीक्षण येथे नोंदवणे आवश्यक वाटते. आपल्याकडे अशा माणसाला ‘तुझा दुसरा जन्मच झाला’ असे भेटणारा प्रत्येक जण सांगतो, आणि त्यामागे निखळ माया असते यात शंका नाही. परंतु ज्याला दुसरा जन्म मिळाला, त्याने भीती वाटते, झोप लागत नाही, कशातच मन रमत नाही, अशी तक्रार कोणत्या तोंडाने करावी? तो गप्प बसतो, आणि चिंता व नैराश्य या दोन्ही उपचारयोग्य अवस्था कृतज्ञतेच्या आड लपून राहतात. ज्यांच्या छातीत धोक्याची हृदयलय ओळखून आपोआप झटका देणारे यंत्र बसवलेले असते, त्यांच्या मनात तो झटका कधीही बसेल ही भीती घर करते. प्रत्यक्ष प्रसंगाची आणि त्याच्या आगेमागेच्या काही दिवसांची आठवण बहुतेक रुग्णांना नसते. त्या कोऱ्या जागेत अतिदक्षता विभागातील भ्रमातली भयावह दृश्ये येऊन बसतात. प्रत्यक्ष प्रसंगाची आठवण असते ती नातेवाइकांना. पडदा ओढला गेला, ‘बाहेर थांबा’ असे सांगण्यात आले, माणसे धावत आत गेली, आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून पुढचा निरोप येईपर्यंतचा काळ त्यांनी काढला. पत्नी, मुलगी किंवा सून घरी आल्यावरही रात्री उठून रुग्णाचा श्वास चालू आहे ना हे पाहत राहते, नोकरीवर रजा टाकते, स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या विसरते. तिची नोंद कोणत्याही केसपेपरवर नसते.

या साऱ्यावर काय करता येते, याबद्दलचे ज्ञान अपुरे असले तरी शून्य नाही. हृदयक्रिया पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या उपचारांविषयी युरोपातील तज्ज्ञ संस्थांनी २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत घरी सोडण्यापूर्वी रुग्णाची कार्यक्षमता तपासावी, आणि घरी गेल्यानंतर तीन महिन्यांच्या आत त्याला पुन्हा बोलावून स्मरणशक्ती, भावनिक स्थिती आणि थकवा यांची विचारपूस करावी, असे स्पष्टपणे सांगितले आहे. नेदरलँड्समध्ये विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांनी रुग्ण आणि जवळचे माणूस यांना एकत्र बसवून मोजक्या भेटींत माहिती, चाचणी आणि आधार देण्याचा प्रयोग केला; २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार रुग्णांचे भावनिक स्वास्थ्य आणि जीवनमान सुधारले. मोठी यंत्रसामग्री त्यात कोठेच नव्हती, हे महाराष्ट्रातील वाचकाने विशेष लक्षात घ्यावे. दैनंदिन कामे पुन्हा शिकवण्याचे जे शास्त्र, त्या व्यवसायोपचाराचे शिक्षण आपल्या देशात सुरू झाले तेच मुळी मुंबईत. कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याची शाळा काढली. तरीही हृदयक्रिया बंद पडून वाचलेल्या रुग्णाला व्यवसायोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याची वहिवाट आपल्याकडे रुजलेली नाही. त्याला हृदयरोगतज्ज्ञाची तारीख मिळते, फार तर फिजिओथेरपीची चिठ्ठी मिळते.

भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये आपल्या परिस्थितीला अनुरूप अशा जीवसंजीवनाच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या, त्यांत रुग्णालयात हृदयक्रिया बंद पडल्यास काय करावे याचाही स्वतंत्र क्रम आहे, आणि मोठ्या रुग्णालयांतून ‘कोड ब्लू’ची हाक देताच धावून येणारी पथके आता परिचयाची झाली आहेत. जीव वाचवण्याची व्यवस्था जसजशी सुधारेल, तसतशी वाचून घरी जाणाऱ्यांची संख्या वाढेल. त्यांना घेणारी पुढची व्यवस्था मात्र जागच्या जागी आहे. आयुष्मान भारत योजनेत रुग्णालय सोडल्यानंतरच्या १५ दिवसांपर्यंतचा खर्च धरला जातो, तर बौद्धिक सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो आणि ती वर्षभरही चालू राहू शकते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता नमूद आहे, त्यांत आजार किंवा अपघाताने मेंदूला झालेल्या इजेचे स्वतंत्र नाव नाही. आणि ज्या कागदावर सर्व काही सुरू व्हायला हवे, त्या डिस्चार्ज कार्डावर घडल्या प्रसंगाची नोंद इंग्रजीत, आद्याक्षरांच्या एका ओळीत असते, जी घरच्या कोणालाही वाचता येत नाही. ती ओळ मराठीत लिहावी, हृदयक्रिया किती मिनिटे बंद होती आणि विसरभोळेपणा, थकवा किंवा चिडचिड दिसल्यास कोणाला कधी दाखवावे, एवढे तिच्याखाली जोडावे, ही मागणी कोणत्याही रुग्णालयाला परवडण्याजोगी आहे, आणि हे पुस्तक ती पुढे अनेकदा करणार आहे.

एक कठीण सत्य वाचकापासून लपवता येणार नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरील ज्या सुमारे सात हजार रुग्णांचा, हृदयक्रिया बंद पडून रुग्णालयातून जिवंत घरी गेल्यावर, पाठपुरावा करण्यात आला, त्यांच्यापैकी एका वर्षानंतर ५८.५ टक्के हयात होते, आणि वर्षभरात पुन्हा दाखल व्हावे न लागलेले ३४.४ टक्के. याचा अर्थ या वयात वाचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना वर्षाहून जास्त आयुष्य लाभते, आणि बाकीच्यांसाठी पुनर्वसनाचा अर्थ वेगळा होतो : वेदना आटोक्यात ठेवणे, दम लागणार नाही असे पाहणे, आणि पुन्हा अशी वेळ आली तर काय करावे व काय करू नये, हे त्या माणसालाच, तो सांगू शकतो तोवर, विचारून ठेवणे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्याच्या पूर्वसूचनापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दंडाधिकाऱ्यांच्या सहीऐवजी आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येते. हा विषय घरात काढणे जड जाते, मुलांना तो अशुभ वाटतो, डॉक्टरला वेळ नसतो. तीन महिन्यांच्या आतली जी भेट वर सुचवली आहे, तिच्यात तो काढण्याची जबाबदारी डॉक्टरची असावी, आणि त्या भेटीत रुग्णाला व त्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसाला काही वेळ वेगवेगळे बसवून विचारावे, कारण एकमेकांसमोर दोघेही ‘सगळं ठीक आहे’ असेच सांगतात.